२७ वरून १९: रॉडनी किंग प्रकरणातल्या दोन पोलिसांची शिक्षा कमी कशी झाली

पोलिसावर गुन्हा सिद्ध झाला आणि शिक्षा मात्र किरकोळ झाली, की चर्चा लगेच न्यायाधीशाच्या मनावर येते: वर्दी पाहिली, दया आली, दबाव आला. असं कधीच होत नाही असं कोण म्हणेल? पण शिक्षा कमी होण्याची प्रक्रिया बहुतेक वेळा याहून रुक्ष असते आणि ती निकालपत्रातच उघड लिहिलेली असते. कोणती इजा मोजली, कोणती वगळली, आरोपीची कोणती अडचण खास मानली, यावर सगळं ठरतं. ही आकडेमोड सर्वात स्वच्छ दिसते ती अमेरिकेच्या ‘कून विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या प्रकरणात. सार्जंट स्टेसी कून आणि अधिकारी लॉरेन्स पॉवेल हे दोघे लॉस एंजेलिस पोलीस दलातले. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला झालेल्या मारहाणीत दोघेही दोषी ठरले. नियमांच्या तक्त्यानुसार शिक्षा होत होती ७० ते ८७ महिने, प्रत्यक्षात झाली ३० महिने. मधले ४० महिने कुठे गेले, त्याचा हा हिशेब.

८९ सेकंद

घटना ३ मार्च १९९१ च्या मध्यरात्रीनंतरची. दारू प्यायलेला किंग गाडी चालवत होता, सोबत दोन मित्र होते. महामार्ग पोलिसांनी थांबायला सांगितलं तरी तो थांबला नाही आणि सुमारे आठ मैल पाठलाग चालला. गाडी अडवल्यावर मित्र मुकाट्याने उतरले आणि सांगितल्याप्रमाणे जमिनीवर पालथे झोपले. किंग उतरला, पण झोपेना. जागेवरचा वरिष्ठ म्हणून कूनने सूत्रं हातात घेतली. चार पोलिसांनी किंगला धरून खाली पाडायचा प्रयत्न केला, त्याने त्यांना झटकलं. तो पीसीपी या अमली पदार्थाच्या अंमलाखाली असावा असं कूनला वाटलं (नंतरच्या तपासणीत पीसीपी सापडलं नाही). त्याने टेझर (विजेचा झटका देणारं शस्त्र) चालवला. किंग पडला, उठला, तेव्हा कूनने दुसऱ्यांदा टेझर चालवला.

समोरच्या इमारतीतल्या एका रहिवाशाने याच सुमाराला कॅमेरा सुरू केला. पुढे सगळ्या न्यायालयांनी हीच फीत सेकंदासेकंदाने वाचली, त्यामुळे क्रम नीट लक्षात ठेवायला हवा. सुरुवातीला किंग उठून पॉवेलच्या दिशेने धावतो आणि पॉवेलची बॅटन (पोलिसी दंडुका) त्याच्या डोक्याच्या बाजूला बसते. १८ ते ३० सेकंद: तो उठू पाहतो, पॉवेल आणि दुसरा अधिकारी टिमोथी विंड त्याला मारून खाली ठेवतात. ३५ ते ५१ सेकंद: पॉवेल पायांवर फटके मारत राहतो, त्यातल्या एका फटक्याने पायाचं हाड मोडतं. ५५ व्या सेकंदाला छातीवर फटका बसतो, किंग वळून पालथा पडतो. इथे पोलीस मागे सरतात, सुमारे १० सेकंद नुसते पाहतात. पॉवेलचा हात बेड्यांकडे जातो. म्हणजे समोरचा माणूस आता धोक्याचा नाही हे त्याला कळलेलं होतं, असं शिक्षा ठरवताना न्यायाधीशांनीच नोंदवलं. आणि मग १ मिनिट ५ व्या सेकंदाला तिसरा अधिकारी थिओडोर ब्रिसेनो किंगच्या पाठीवर, मानेजवळ, पाय आपटतो. किंगचं शरीर पिळवटतं. १:०७ पासून पॉवेल आणि विंड पुन्हा बॅटन चालवतात, १:२६ पर्यंत विंड सहा लाथा घालतो. १:२९ च्या सुमाराला किंग हात पाठीमागे नेतो आणि बेड्या पडतात.

मारहाणीनंतर पॉवेलने गाडीतल्या संदेशयंत्रावर सहकाऱ्यांना कळवलं की एवढं वाईट आपण बऱ्याच दिवसांत कुणाला मारलेलं नाही. किंग डॉजर स्टेडियममध्ये कामाला आहे हे रुग्णालयात समजल्यावर त्याने त्यालाच ऐकवलं, की आज रात्री आपण थोडा बेसबॉल खेळलो, तू हरलास, आम्ही जिंकलो. किंगच्या पायाचं हाड आणि चेहऱ्याची अनेक हाडं मोडली होती. ही वाक्यं शिक्षेच्या गणितात कुठे येतात हे शोधू नये, तक्त्यात त्यांच्यासाठी रकानाच नाही.

राज्याचा खटला सिमी व्हॅली या उपनगरात चालला. २९ एप्रिल १९९२ रोजी कून, पॉवेल, विंड आणि ब्रिसेनो हे चौघेही सुटले, फक्त पॉवेलवरच्या एका आरोपाबाबत ज्यूरीचं एकमत झालं नाही. त्यानंतरच्या दंगलीत ५० हून अधिक माणसं मेली आणि सुमारे १ अब्ज डॉलरचं नुकसान झालं. मग केंद्र सरकारने, अधिकाराचा वापर करून नागरिकाचा घटनात्मक हक्क हेतुपुरस्सर हिरावणं या गुन्ह्याखाली वेगळा खटला भरला. या कलमात इजा झाली असेल तर कमाल शिक्षा १० वर्षं. १७ एप्रिल १९९३ रोजी पॉवेल आणि कून दोषी ठरले. पॉवेल मारहाणीसाठी, कून ती समोर चाललेली असताना जाणूनबुजून चालू दिल्याबद्दल. विंड आणि ब्रिसेनो सुटले.

तक्ता कसा चालतो

अमेरिकी केंद्रीय न्यायालयांत १९८७ पासून शिक्षेचा तक्ता आहे. उभ्या रकान्यात गुन्ह्याच्या ४३ पायऱ्या, आडव्या रकान्यात आरोपीच्या पूर्वेतिहासाचे ६ वर्ग. दोन्ही जिथे भेटतात त्या चौकोनात किमान आणि कमाल महिने लिहिलेले. तेव्हा हा तक्ता बंधनकारक होता. न्यायाधीशाला चौकोनाबाहेर जायचं तर कारण लेखी द्यावं लागे आणि ते कारण तक्ता बनवणाऱ्या आयोगाने पुरेसं विचारात न घेतलेलं असावं लागे.

या दोघांचा हिशेब असा झाला. पोलिसाने हक्क हिरावला असेल तर मुळात कोणता गुन्हा घडला ते आधी पाहायचं. इथे तो गंभीर मारहाण ठरला, त्याच्या १५ पायऱ्या. बॅटन हे घातक हत्यार म्हणून वापरलं, अधिक ४. शारीरिक इजा, अधिक २. झाल्या २१. पद वापरून गुन्हा केला म्हणून अधिक ६. एकूण २७. पूर्वीचा गुन्हा नाही म्हणून वर्ग पहिला. चौकोनात आकडा ७० ते ८७ महिने.

शिक्षेतली पहिली सूट मात्र याच बेरजेत, कुणाच्या फारसं लक्षात न येता पडून गेली होती. इजा ‘गंभीर’ धरली असती तर २ ऐवजी ४ पायऱ्या चढल्या असत्या, एकूण २९ आणि शिक्षा ८७ ते १०८ महिने. पाय मोडलेला, चेहऱ्याची हाडं मोडलेली, मग इजा गंभीर का नाही? जिल्हा न्यायाधीश जॉन डेव्हिस यांचं उत्तर असं, की त्या गंभीर जखमा बळाचा वापर कायदेशीर होता त्या काळातल्या. पहिल्या मिनिटातले फटके त्यांनी कायदेशीर धरले, बेकायदा धरला तो शेवटचा भाग. म्हणून मोडलेलं हाड हिशेबात आलं नाही आणि उरली ती साधी इजा.

हे समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण पोलिसी बळाच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात हीच कापाकापी होते. आरंभीचं बळ वैध, नंतरचं अवैध, आणि वैद्यकीय अहवालात जखमांवर वेळ लिहिलेली नसते. कोणती जखम कोणत्या सेकंदाची हे ठरवण्याचा भार सरकारी पक्षावर पडतो. फीत असलेल्या प्रकरणात इतकी ओढाताण झाली, तर फीत नसलेल्या प्रकरणात काय होत असेल याची कल्पना करता येते.

पाच पायऱ्या किंगच्या नावावर

४ ऑगस्ट १९९३ रोजी डेव्हिस यांनी शिक्षा सुनावताना २७ मधून ८ पायऱ्या उतरवल्या. त्यातल्या ५ एकाच कारणाने: पीडिताचं स्वतःचं वर्तन. किंग दारू पिऊन पळाला, हुकूम मानले नाहीत, अंगावर आला, या सगळ्याने गुन्हा घडायला मोठा हातभार लागला, असा निष्कर्ष. २७ उणे ५ म्हणजे २२, शिक्षा ४१ ते ५१ महिने. एका फटक्यात अडीच वर्षं गेली.

हे कारण डेव्हिस यांनी शोधून काढलेलं नव्हतं. पीडिताच्या चुकीच्या वागण्याने गुन्हा भडकला असेल तर सूट देता येते, असं नियमातच लिहिलेलं होतं. प्रश्न होता तो हे कलम पोलिसाला लावायचं का, हा. नवव्या परिमंडळाच्या (या भागाच्या केंद्रीय) अपील न्यायालयाने १९९४ मध्ये शिक्षा रद्द करताना दोन मुद्दे मांडले. एक: बेकायदा फटके सुरू झाले तेव्हा किंग पालथा पडलेला होता, चिथावणी संपली होती. दुसरा मुद्दा आमच्या मते जास्त वजनाचा: अटकेला विरोध करणारा, शिव्या देणारा, पळणारा माणूस हाताळणं हेच पोलिसाचं काम. अतिरेकी बळाच्या बहुतेक प्रकरणांत समोरच्याचं असलं काहीतरी वर्तन असणारच. मग ते खास कारण कसं?

१३ जून १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या मुद्द्यावर डेव्हिस यांची बाजू घेतली. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांचं तर्कशास्त्र थोडक्यात असं: मूळ गुन्हा म्हणून गंभीर मारहाणीचं कलम लावलं. त्या कलमाचा नेहमीचा नमुना म्हणजे साधी, अवैध मारहाण. इथे मात्र पीडिताच्या वागण्यामुळे वैध बळ सुरू झालं आणि पुढे ते अवैध झालं. हा नमुना त्या कलमात बसत नाही, म्हणून सूट देता येते. चिथावणी काही सेकंद आधी संपली होती एवढ्यावरून ती हिशेबाबाहेर जात नाही, सगळा प्रसंग एकत्र पाहायचा.

इथेच खरी गोम आहे. तुलना कशाशी केली यावर उत्तर ठरलं. रस्त्यावरच्या मारामारीशी तुलना केली तर कून आणि पॉवेल वेगळे दिसतात, त्यांना चिथावलं गेलं होतं. पोलिसी अतिरेकाच्या इतर प्रकरणांशी तुलना केली तर ते अगदी नेहमीचे दिसतात. पदाचा गैरवापर म्हणून ६ पायऱ्या चढवताना ते पोलीस होते आणि चिथावणी मोजताना मात्र त्यांची तुलना पोलिसांशी नव्हे, साध्या हल्लेखोरांशी झाली. पद वापरल्याबद्दल चढलेल्या ६ पैकी ५ पायऱ्या त्या पदाच्या रोजच्या कामातल्या गोष्टीने उतरवल्या. वकिली दृष्टीने केनेडींचा युक्तिवाद सुबक आहे, पण हा हिशेब आम्हाला पटत नाही.

उरलेल्या तीन पायऱ्या

आणखी ३ पायऱ्या चार कारणांच्या गाठोड्याला मिळाल्या. तुरुंगात या दोघांना मारहाण होण्याचा धोका, नोकरी जाणार आणि पुन्हा कधी पोलिसात घेतलं जाणार नाही, राज्य आणि केंद्र अशा दोन खटल्यांचा त्रास, आणि पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता कमी. यातलं एकही कारण एकट्याने पुरेसं नाही हे डेव्हिस यांनी स्वतःच नोंदवलं, चारही मिळून ३. झाल्या १९, चौकोन ३० ते ३७ महिने, आणि त्यातला सर्वात खालचा आकडा: ३०.

अशी गाठोडी फार सोयीची असतात. एकेक कारण तपासलं तर गळून पडतं, एकत्र बांधलं की वजनदार वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने गाठोडं सोडून कारणं सुटी केली.

नोकरीचं कारण फेटाळलं. सरकारी पदावरचा माणूस या गुन्ह्यात दोषी ठरला तर नोकरी जाणारच, हे नियम बनवणाऱ्यांना माहीत होतं आणि पदासाठीच्या जादा पायऱ्यांत ते धरलेलं आहे. जे हमखास होणार ते खास कारण होऊ शकत नाही. पुन्हा गुन्हा करणार नाही, हेही फेटाळलं: पहिला वर्ग मुळातच कोरा इतिहास असलेल्यांसाठी आहे, त्याच गोष्टीची सूट दुसऱ्यांदा देता येत नाही.

तुरुंगातला धोका आणि दोन खटल्यांचा त्रास ही दोन कारणं मात्र टिकली. तुरुंगातल्या धोक्याबाबत या प्रकरणाची अपवादात्मक प्रसिद्धी महत्त्वाची ठरली. यावर न्यायमूर्ती डेव्हिड सुटर यांनी वेगळं मत लिहिलं. त्यांचा रोख असा, की गुन्ह्याने जनतेत जितका मोठा संताप उसळेल तितका आरोपी तुरुंगात असुरक्षित, आणि म्हणून तितकी शिक्षा कमी, हे उलटं आहे. दुसऱ्या खटल्याबाबतही तसंच: पहिला खटला चुकीच्या निकालात संपला म्हणून दुसरा भरावा लागला, त्याचं बक्षीस आरोपीला का? न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांचाही या मुद्द्यावर आक्षेप होता. धोका काल्पनिक नव्हता हेही सांगायला हवं. नोव्हेंबर १९९५ मध्ये, कून शिक्षेच्या अखेरच्या टप्प्यात सुटकेपूर्वीच्या निवासकेंद्रात (हाफवे हाऊस) असताना एक सशस्त्र माणूस त्याला शोधत तिथे घुसला. कून बाहेर होता, ओलीस धरलेल्यांपैकी एकाचा जीव गेला. पण सुरक्षित कोठडी देणं हे तुरुंग प्रशासनाचं काम. त्यासाठी मुदत कमी करणं म्हणजे प्रशासनाच्या उणिवेची भरपाई पीडिताच्या खात्यातून करणं.

निकालाचा सर्वात दूरगामी भाग याहून कोरडा होता: अपील न्यायालयाने अशी सूट कोणत्या निकषावर तपासायची. नवव्या परिमंडळाने सगळं नव्याने तपासलं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. खटला ऐकलेल्या न्यायाधीशाला प्रकरण जवळून दिसतं. त्याने विवेकाधिकाराचा गैरवापर केला का, एवढंच पाहा. ज्या व्यवस्थेत सौम्य शिक्षेवर सरकारी अपील हाच एकमेव उतारा असतो, तिथे तपासणीचा निकष ढिला झाला की उताराही ढिला पडतो.

प्रकरण डेव्हिस यांच्याकडे परत गेलं. चारपैकी दोन कारणं गळाली होती, तेव्हा ३ पायऱ्यांपैकी निदान काही परत चढतील अशी सरकारी पक्षाची अपेक्षा होती. सप्टेंबर १९९६ मध्ये त्यांनी ३० महिनेच कायम ठेवले. दोघेही डिसेंबर १९९५ मध्येच बाहेर आलेले होते. अपील वेळेत निकालात निघालं नाही तर काय होतं ते इथे दिसतं: सुटून घरी गेलेल्या माणसाला पुन्हा आत पाठवायला कोणताही न्यायाधीश कचरतो. किंगला दिवाणी दाव्यात १९९४ मध्ये ३८ लाख डॉलर मिळाले, ते शहराच्या तिजोरीतून. वैयक्तिक दंडात्मक भरपाई ज्यूरीने नाकारली.

नंतर काय बदललं

२००३ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून अशा सुटींची तपासणी पुन्हा नव्याने करण्याचा निकष आणला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘बुकर’ निकालात तक्ता फक्त मार्गदर्शक ठरवला आणि ती दुरुस्ती निरुपयोगी झाली. आज केंद्रीय न्यायाधीश तक्त्यापासून लांब जाऊ शकतो, कारण पटेल असं दिलं की झालं. मूळ गुन्ह्याच्या पायऱ्या अधिक पदासाठी ६, ही रचना मात्र कायम राहिली आणि त्यातली फट त्याच जागी राहिली.

मिनियापोलिसच्या पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर हक्कभंगाच्या केंद्रीय खटल्यात २०२२ मध्ये डेरेक शॉव्हिनला २४५ महिने मिळाले. त्याच्या सहकाऱ्यांपैकी टाउ थाओला ४२, अलेक्झांडर कुएंगला ३६ आणि थॉमस लेनला ३० महिने. थाओ आणि कुएंग यांच्याबाबत न्यायाधीशांनी मूळ गुन्हा खून न धरता हेतूशिवाय झालेला मनुष्यवध धरला. तक्ता घसरला तो तिथेच. शिक्षा सौम्य का झाली हे शोधणारे शेवटचं पान वाचतात, पण या प्रकरणात ते पहिल्या बेरजेत सापडतं.

पोलिसांच्या छाप्यात गोळी लागून मेलेल्या ब्रिओना टेलर या तरुणीचं प्रकरण याच्याही पुढे गेलं. लुइव्हिलचा माजी पोलीस ब्रेट हँकिसन तिच्या हक्कभंगाबद्दल २०२४ मध्ये दोषी ठरला. तक्त्याचा हिशेब ११ वर्षांच्या वर जात होता. जुलै २०२५ मध्ये शिक्षेच्या वेळी सरकारी पक्षानेच, म्हणजे नव्या प्रशासनाखालच्या न्याय विभागाने, एक दिवसाची शिक्षा मागितली, जो त्याने आधीच भोगलेला होता. न्यायाधीशांनी ती मागणी बाजूला ठेवून ३३ महिने दिले. म्हणजे शिक्षा तक्त्याच्या कितीतरी खाली, तरी सरकारने मागितल्यापेक्षा कितीतरी जास्त. अशा वेळी शिक्षा कमी आहे म्हणून अपील करणार कोण? किंग प्रकरणात निदान सरकार आपल्या आकड्यावर ठाम होतं.

आपल्याकडे हा हिशेब कुठे दिसेल

भारतात तक्ता नाही. कलमात कमाल शिक्षा लिहिलेली असते, खालची बाजू बहुतेक वेळा मोकळी. त्यामुळे पायऱ्या दिसत नाहीत, कारणं मात्र तीच असतात: नोकरी गेली, कुटुंब अवलंबून आहे, आधीचा गुन्हा नाही, खटला खूप वर्षं चालला. यातल्या नोकरीच्या कारणाला केनेडींचं उत्तर इथेही लागू पडतं. गुन्ह्यात दोषी ठरलेल्या सरकारी नोकराला विभागीय चौकशीशिवाय काढता येतं अशी तरतूद संविधानाच्या अनुच्छेद ३११ मध्येच आहे. जो परिणाम संविधानाने गृहीत धरलेला आहे, तो शिक्षा कमी करायला अपवादात्मक कसा म्हणायचा?

महाराष्ट्रातलं प्रकरण पाहायचं तर नागपूर जिल्ह्यातलं १९९३ चं कोठडीमृत्यूचं, ‘यशवंत विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. कबुली काढण्यासाठी मारहाण, हे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३३०, कमाल शिक्षा ७ वर्षं. खालच्या न्यायालयात पोलिसांना ३ वर्षं झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४ सप्टेंबर २०१८ रोजी ती वाढवून ७ वर्षं केली. न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा आणि न्यायमूर्ती मोहन शांतनगौडर यांच्या पीठाने पोलिसाचं पद हे शिक्षा वाढवण्याचं कारण मानलं: अधिकार मोठा तशी जबाबदारी मोठी. घटनेला तोवर २५ वर्षं झाली होती, तरी विलंबाच्या सबबीवर शिक्षा खाली राहिली नाही. उलट दिशेला गेलेलं असं उदाहरण विरळा, म्हणून ते अशा प्रत्येक युक्तिवादात जवळ असावं.

पीडिताच्या कुटुंबाची अडचण वेगळीच आहे. शिक्षा अपुरी म्हणून अपील करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४१८ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३७७). पीडिताला कलम ४१३ च्या परंतुकाखाली निर्दोष सुटका, कमी गंभीर गुन्ह्यात दोषसिद्धी किंवा अपुरी भरपाई यांविरुद्ध अपील करता येतं. अपुऱ्या शिक्षेविरुद्ध नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. यात एक बारकावा उपयोगी पडतो. कोठडीतल्या मृत्यूत आरोप खुनाचा किंवा सदोष मनुष्यवधाचा असून दोषसिद्धी नुसत्या मारहाणीत झाली असेल, तर ती ‘कमी गंभीर गुन्ह्यातली दोषसिद्धी’ ठरते आणि तिथे पीडिताच्या अपिलाचं दार उघडं असतं. फक्त आरोपात वरचं कलम लागलेलं असलं पाहिजे. ते आरोप निश्चितीच्या वेळी गाळलं गेलं तर निकाल सुनावण्यापूर्वी न्यायालय आरोपात बदल करू शकतं. शिक्षेपुरतीच तक्रार असेल तर उच्च न्यायालयाकडे पुनरीक्षण अर्ज करायचा, आणि दरम्यान सरकारी वकिलांमार्फत राज्याने ४१८ खाली अपील करावं म्हणून विधी व न्याय विभागाकडे निकालाच्या प्रमाणित प्रतीसह लेखी मागणी द्यायची. प्रमाणित प्रतीचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाकावा. मुदतीची घडी तेव्हापासूनच चालू होते, आणि प्रत मिळायला गेलेले दिवस मुदतीतून वजा करून घ्यायचे तर अर्जाची तारीख दाखवावी लागते.